कालवा उजव्या हाताला

१

विमानाचा पार चेंदामेंदा झाला होता आणि डॉक्टरांचा चष्मा मात्र शाबूत होता.

पोलीस ठाण्याच्या टेबलावर हवालदाराने एकेक वस्तू मांडली. घड्याळ फुटलेलं. किल्ल्या वाकलेल्या. आणि चष्म्याचं एक टणक घर. चौकशीला आलेल्या बाईंनी ते उघडलं. आत सोनेरी काड्यांचा चष्मा नीट मिटून ठेवलेला, काचेवर ओरखडासुद्धा नाही.

"हा कुठे सापडला?"

"शर्टाच्या खिशात. वर बटणही लावलेलं होतं," हवालदार म्हणाला. "नशीब बघा बाई. माणूस गेला आणि काच राहिली."

बाईंनी घर मिटलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. विमानं पडली की ती का पडली हे शोधून काढायचं, हे बाईंचं काम. असल्या वस्तूंची त्यांना सवय होती. या गावात मात्र त्यांना यायचंच नव्हतं. इथल्या फ्लाइंग क्लबातच त्या उडायला शिकल्या होत्या, आणि ज्यांनी शिकवलं ते मास्तर या अपघातातून एक हात मोडून वाचले होते.

गावाने निकाल देऊनही टाकला होता. दातांचे डॉक्टर हौशी वैमानिक. क्लबाचं चार सीटांचं विमान घेऊन शेजारच्या धावपट्टीवरून परत येत होते. वाटेत धुकं. शहाणा माणूस मागे फिरला असता, हे आत शिरले, कालवा धरून खाली खाली आले आणि वाट चुकून डोंगराच्या सोंडेवर आदळले. मास्तर मागच्या सीटवर होते म्हणून बचावले. स्वतः गेले ते गेले, बिचाऱ्या मास्तरांनाही घेऊन चालले होते, असं चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळे बोलत होते. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, ही मोठी सोय असते.

बाईंनी आदल्या दिवशी अपघाताची जागा पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. धुक्यात वाट चुकलेला माणूस भांबावतो. विमान वळतं, डगमगतं, कुठेतरी तिरकं जाऊन शिरतं. हे विमान तसं नव्हतं पडलं. झुडपांचे शेंडे एका रेषेत कापले गेले होते, फूटपट्टी लावून कापावेत तसे. दोन्ही पंख समतल, नाक सरळ कालव्याच्या दिशेला समांतर. इतकं सुरेख चालवलेलं विमान त्यांनी अपघातात कधी पाहिलं नव्हतं.

इतका उत्तम हात असलेला माणूस डोंगरात कशाला जाईल?

२

मास्तर डॉक्टरांच्याच घरी होते. कारण डॉक्टरांची बायको म्हणजे मास्तरांची सख्खी धाकटी बहीण. नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता आणि ती बाई भावाच्या उशाशी बसून त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"ये चिमणे," मास्तर म्हणाले. बाई शिकायला आल्या तेव्हा इतक्या लहानखुऱ्या होत्या की सीटवर उशी घेतल्याशिवाय त्यांना बाहेरचं दिसत नसे. ते नाव तेव्हापासूनचं. "तुलाच पाठवलं का? बरं झालं. परक्या माणसाने त्याच्याबद्दल वेडंवाकडं लिहिलं असतं."

या माणसाने त्यांना उडायला शिकवलं होतं. बापाने 'मुलीची जात' म्हणून नाही म्हटलं तेव्हा बापाची समजूतही यांनीच घातली होती.

"सर, काय झालं ते सांगा."

"काय सांगू? तो पुढे डावीकडे, एकटा. मी मागे. म्हटलं, आज तू चालव, मी मस्त डुलकी काढतो. जाग आली तर खिडकीबाहेर दूध ओतल्यासारखं पांढरं. ओरडलो, अरे वर घे, वर घे! तेवढ्यात..." मास्तरांनी बरा असलेला हात डोळ्यांवर धरला. "त्याला नावं नको ठेवूस. अशी चूक कुणाच्याही हातून होते."

"तुम्ही कालव्याच्या काठाशी सापडलात. बूट, पँट ओली होती."

"पाणी आणायला उतरलो होतो त्याच्यासाठी. वेडाच झालो होतो. कशात आणणार, हेसुद्धा सुचलं नाही."

बहिणीने वाटी खाली ठेवली. तिचे डोळे कोरडे होते आणि ते बघवत नव्हते.

"मला तुमचं ते यंत्रातलं काही कळत नाही," ती बाईंना म्हणाली. "मला एवढंच सांगा, ते असे वागले कसे? रस्ता ओलांडताना दोनदा इकडे आणि दोनदा तिकडे बघणारा माणूस. ढग दिसला की उड्डाण रद्द करून घरी यायचे आणि मी हसायचे. लोक मला दारात येऊन सांगतात, तुझ्या नवऱ्याने तुझा भाऊ मारला असता. आणि मी दादाची माफी मागते. रोज मागते. पण मला ते पटत नाही हो. ज्याच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला तो माणूस मला कळलाच नव्हता का?"

"धाकटे, पुरे," मास्तर हळूच म्हणाले.

निघताना दारात बाईंनी चष्म्याचं घर तिच्या हातात दिलं. तिने ते छातीशी धरलं.

"वाचायचा होता का हा?" बाईंनी विचारलं.

"छे! वाचायला त्यांना चष्मा लागायचाच नाही. दात तपासताना तर कपाळावर चढवून ठेवायचे. हा लांबचा. हा काढला की अंगणात कोण उभं आहे तेही कळायचं नाही त्यांना. एकदा दूधवाल्याला दादा समजून मिठी मारली होती." ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा पार मोडून गेला.

बाई फाटकापर्यंत आल्या आणि थबकल्या. ज्याला अंगणातला माणूस दिसत नाही तो धुक्यात कालवा शोधत होता, आणि चष्मा खिशात, वरून बटण लावून?

३

क्लबात मिस्त्री तयारच होता. विमानांची इंजिनं, काटे, तारा सगळं त्याच्याकडे, आणि विमान पडलं की आधी मिस्त्रीच्या नावाने खडे फोडतात हे त्याला ठाऊक होतं.

"माझं यंत्र चोख होतं," तो बाईंना बसायलाही न सांगता म्हणाला. "उंचीचा काटा बघा, होकायंत्र बघा, खुशाल सोलून बघा. माझ्यावर ढकलायचं असेल तर सरळ सांगा, मी पान्हे खाली ठेवतो."

"तुमच्यावर काही ढकलत नाही. काटे मी पाहिले. चोखच आहेत."

मिस्त्री एकदम मवाळ झाला. भांडण काढायला आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात होकार मिळाला की त्याची पंचाईत होते.

"मग डॉक्टरच चुकले म्हणायचे," तो पुटपुटला. "पण काट्यांवर त्यांच्यासारखं विमान कुणी चालवत नव्हतं हो. बाहेर बघितलं की घाबरायचे. झापड चढवली की राजा माणूस."

झापड म्हणजे क्लबातला जुना शब्द. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना बांधतात तसला प्रकार. जाड फ्रेमचा चष्मा, वरची काच दुधी, खाली तेवढी फट. तो घातला की शिकणाऱ्याला बाहेरचं काहीच दिसत नाही, फक्त समोरचे काटे दिसतात. ढगात सापडलं तर नुसत्या काट्यांवर विमान कसं चालवायचं, त्याचा हा सराव. अर्थात तेव्हा शेजारी उजव्या सीटवर शिकवणारा बसलेला असतो. बाहेरचं बघायचं काम त्याचं.

रेडिओवर बसणारा पोरगेला माणूस मात्र अजून हादरलेला होता. त्या दिवशी डॉक्टरांशी शेवटचं बोलणं त्याचंच झालं होतं.

"आमच्याकडे इथे लख्ख ऊन होतं. पण कालव्याकडे पांढरा पट्टा दिसत होता, म्हणून मी विचारलं, डॉक्टर, कालव्यावर कसं आहे? ते जरा थांबले. मग म्हणाले, छान आहे, अगदी स्वच्छ आहे. आवाज मजेत होता. घरी फोन करून सांग, जेवायला येतोय, असंही म्हणाले."

"नक्की डॉक्टरच बोलले?"

"त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखेन. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली."

बाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. अपघात झाला तेव्हा कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी जवळच होता. त्याने जबाबात सांगितलं होतं की धुकं इतकं दाट होतं, हातातल्या सायकलचं पुढचं चाक दिसत नव्हतं. आणि त्याच धुक्यात बसून डॉक्टर आनंदाने सांगत होते, अगदी स्वच्छ आहे.

एक तर डॉक्टर खोटारडे होते, नाहीतर त्या क्षणी आंधळे होते.

४

पाटकरी त्यांना पुन्हा सोंडेवर घेऊन गेला. विमान उचलून नेलं होतं, पेट्रोलचा वास तेवढा उरला होता. बाई विमान ज्या दिशेने आलं त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. कालवा खाली चकाकत होता. उजव्या हाताला.

बाईंनी पुन्हा एकदा दिशा ताडून पाहिली.

क्लबात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घोकून घेतली जायची. कालवा आपल्या डाव्या हाताला. वैमानिक डावीकडे बसतो, त्याला खाली दिसतं ते डाव्या खिडकीतून. उजवीकडचं बघायला विमानाचंच अंग आडवं येतं. शिवाय जाणारे आणि येणारे दोघेही कालवा डावीकडे ठेवत असले की समोरासमोर येत नाहीत. हा नियम मास्तरांनी घालून दिलेला. डॉक्टरांसारखा नाकासमोर चालणारा माणूस तो मोडणार नाही. मोडायचा म्हटला तरी डाव्या सीटवरून, धुक्यात, चष्म्याशिवाय त्याला उजवीकडचा कालवा दिसलाच नसता.

आणि तरी विमान कालव्याला धरून सरळ आलं होतं. म्हणजे कालवा कुणाला तरी दिसत होता.

बाई तशाच क्लबात परतल्या. दुसरं, तसलंच विमान शेडमध्ये उभं होतं. त्या डाव्या सीटवर बसल्या. मग उठून उजव्या सीटवर बसल्या आणि उजव्या खिडकीतून खाली पाहिलं. चाक, जमीन, मिस्त्रीने सांडलेला ऑइलचा डाग, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"मिस्त्री, झापड कुठे असते हल्ली?"

"तिथेच की. मास्तरांच्या खोलीत, खिळ्याला."

खिळ्याला झापड होती. कोरी करकरीत, काचेवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"आणि जुनी?"

"जुनीची काडी तुटली होती, मी लाल चिकटपट्टीने बांधून दिली होती. ती हरवली म्हणाले मास्तर. ही नवी परवा आली. त्यांनीच मागवली फोन करून."

"परवा?"

मिस्त्रीने पुन्हा खिळ्याकडे पाहिलं. त्यालाही आत्ताच कळलं होतं. मेहुणा गेलेला, हात गळ्यात बांधलेला, बहीण शेजारच्या खोलीत, आणि माणूस अंथरुणात पडून फोनवर झापड मागवतो.

बाई मास्तरांच्या खुर्चीत बसल्या. त्यांना स्वतःची गोष्ट आठवत होती. झापड चढवलेली, घामाने भिजलेले हात, आणि शेजारून येणारा तो शांत आवाज. सगळं छान आहे चिमणे, स्वच्छ आहे, तू नुसती काट्यांकडे बघ. एकदा दुपारी उतरल्यावर पंख ओलेचिंब होते. सर, पाऊस लागला का, असं त्यांनी विचारलं होतं. मास्तर हसले होते. दव गं.

भर दुपारी दव कुठलं? हा प्रश्न त्यांना इतकी वर्षं पडला नव्हता. आता पडला.

त्यांनी पाटकऱ्याला फोन लावला. "दादा, कालव्यात काही वाहून गेलं तर ते कुठे अडकतं?"

"खालच्या दाराला जाळी आहे ना. चपला, बाटल्या, सगळी घाण तिथेच येते."

"पाणी बंद करता येईल?"

"साहेबांना विचारावं लागेल." मग त्यानेच विचारलं, "डॉक्टरांसाठी ना? करतो बंद."

जाळीला शेवाळ होतं, पालापाचोळा होता, एक बाहुली होती. पाटकरी गुडघाभर चिखलात उतरला आणि बराच वेळ चाचपडत राहिला. मग त्याने हात वर केला. त्याच्या हातात जाड फ्रेमचा, दुधी काचांचा चष्मा होता आणि त्याची एक काडी लाल चिकटपट्टीने बांधलेली होती.

५

बहीण मास्तरांच्या गळ्यातली हाताची झोळी पुन्हा बांधत होती. बाईंनी तिला थांबायला सांगितलं.

"तुम्ही मला विचारलं होतं, ते असे वागले कसे. उत्तर तुमच्यासमोरच द्यायला हवं."

बाईंनी झापड टेबलावर ठेवली. मास्तरांनी ती पाहिली. चेहरा हलला नाही, पण बरा हात पांघरुणाखाली गेला.

"सर, तुम्ही मागे नव्हता. पुढे होता, उजवीकडे, तुमच्या नेहमीच्या जागी. विमान कालवा उजवीकडे धरून आलं. उजवीकडचा कालवा फक्त उजव्या सीटवरून दिसतो. शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड असली की बघणारे तुम्ही, म्हणून कालवाही तुमच्या बाजूला. तुमचाच नियम, तुम्हीच मोडलात. तसं आलं की विमान सोंडेच्या बाजूने येतं, हे ऊन असताना दिसतं. धुक्यात दिसलं नाही."

"चिमणे..."

"झापड जुनी आहे, ती चष्म्यावर बसत नाही. म्हणून डॉक्टरांनी आपला चष्मा काढून खिशात ठेवला. काटे त्यांना चष्म्याशिवाय दिसायचेच. तुम्ही त्यांच्या डोळ्यांवरची झापड काढलीत, पण चष्मा परत चढवायचं सुचलं नाही तुम्हाला. ही काढून मोडक्या हाताने उतारावरून कालव्यापर्यंत गेलात. पाण्यासाठी नाही, ही झापड फेकायला."

बहीण एकदा भावाकडे, एकदा बाईंकडे बघत होती. "म्हणजे चालवत कोण होतं?"

"हात डॉक्टरांचे होते. फार सुंदर चालवत होते ते. तुमच्या भावाने सांगितलं डावीकडे, की डावीकडे. सांगितलं जरा खाली घे, की खाली. रेडिओवर विचारलं, कालव्यावर कसं आहे, तेव्हा ते थांबले, कारण त्यांनी शेजारी विचारलं. शेजारून उत्तर आलं ते त्यांनी विश्वासाने पुढे सांगितलं." बाईंचा आवाज फाटला. "तुमचे यजमान धुक्यात शिरले नाहीत हो. त्यांना धुकं असल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं."

बहिणीने पलंगाचा कठडा धरला होता.

"दादा, खोटं आहे ना हे?"

मास्तरांनी नजर छताकडे वळवली.

"सांगितलं असतं तर घाबरला असता," ते म्हणाले. "भीतीने हात गारठायचे त्याचे. झापडीत असला की निवांत असायचा. मला वाटलं, एवढासा पट्टा आहे, आत्ता पार होऊ, उतरल्यावर सांगू की बघ, खऱ्या धुक्यातून आणलंस तू विमान. किती जणांना असंच तर शिकवलं मी. आयुष्यभर कुणाला ओरखडा नाही आला." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुलाही नाही आला."

ज्या आवाजावर भरवसा ठेवून त्या मोठ्या झाल्या, तोच आवाज होता हा, तितकाच शांत.

"झापड काढलीत तेव्हा ते गेले होते का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पांघरूण वर ओढलं.

"सर, गेले होते का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "डोळे उघडले त्याने. इकडे तिकडे बघितलं. त्याला काय दिसलं असेल कुणास ठाऊक, सगळं पांढरंच होतं. म्हणाला, मास्तर, हे धुकं कधी आलं?"

बहिणीच्या तोंडून आवाज निघाला, तो रडण्याचा नव्हता आणि बोलण्याचाही नव्हता. मग तिने विचारलं, "आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, काही नाही रे. सगळं छान आहे."

"आणि त्यांना तिथे टाकून हे फेकायला गेलास."

मास्तरांनी मान खाली घातली. परत आलो तेव्हा संपलं होतं, असं ते काहीतरी पुटपुटले, पण ते ऐकायला ती थांबलीच नाही.

तिने अर्धी बांधलेली झोळी सोडून दिली. फळीवरचं चष्म्याचं घर उचललं, चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि परत आत ठेवला. मग दाराशी जाऊन दार सताड उघडलं आणि तिथेच उभी राहिली.

"ऊठ दादा," ती म्हणाली. "बाहेर ऊन आहे. तुला नीट दिसेल."